त्रिनिदादला कुठे खाल्लंत, कुठे भटकलात? अनुभव सांगा

सदाफुली
आज मंडईत अंबाडीची लालबुंद बोंडं दिसली आणि एकदम पोर्ट ऑफ स्पेन आठवलं. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे राहायचो तेव्हा डिसेंबर लागला की घरोघरी ह्याच बोंडांचं सरबत व्हायचं, दालचिनी-लवंग घालून उकळलेलं, सॉरेल म्हणतात त्याला. शेजारच्या आँटी बाटली भरून द्यायच्या, बरोबर पास्टेल, म्हणजे मक्याच्या पिठात खिमा भरून केळीच्या पानात वाफवलेलं.
आता भाचा कामासाठी तिकडे चाललाय, विचारत होता मावशी चांगली रेस्टॉरंट सांग. त्याला म्हटलं अरे रेस्टॉरंटची यादी घेऊन फिरू नकोस, तिथलं खरं खाणं रस्त्यावर आहे आणि प्रत्येक गोष्टीची आपली वेळ आहे. सकाळी डबल्स, दुपारी रोटी, रविवारी माराकासच्या समुद्रावर बेक अँड शार्क, संध्याकाळी सव्हानाला (शहरातलं मोठं मैदान) शहाळं नाहीतर कॉर्न सूप. वेळ चुकली तर गाडी उठलेली असते. तुम्ही कोणी गेला असाल तर लिहा ना, त्याला हा धागाच पाठवते.

पाटावरवंटा
डबल्स!!! दोन मऊ बारा (हळदीची छोटी तळलेली पुरी समजा), मध्ये छोले, वर चिंचेची चटणी, काकडी, शॅडो बेनी म्हणजे ती लांब पानांची उग्र कोथिंबीर, आणि पेपर सॉस, म्हणजे मिरचीची तिखट चटणी. कागदात गुंडाळून देतात, उभ्यानेच खायचं. माणूस विचारतो पेपर किती, पहिल्यांदा 'स्लाइट'च सांगा, तिथली मिरची आपल्या लवंगीला भारी आहे. पिआर्को विमानतळातून बाहेर पडल्या पडल्याच मिळतात, मी बॅगा घेऊन तिथेच खाल्ले. दक्षिणेला डेबेला नक्की जा, रस्त्याला ओळीने स्टॉल, फुलौरी, सहीना, बैगनी, आलू पाय. सहीना म्हणजे अळूची पानं डाळीच्या पिठात, खाताना घरचीच आठवण येते

अळूवडी
माझं नाव घेतलंत म्हणून आले 😄 शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं? आमच्या सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत, नणंद टोरांटोला असते ती त्यांना घेऊन जायचं म्हणतेय

पाटावरवंटा
@अळूवडी मजेत होतं. दालपुरीत चना-आलू, भोपळा, भाजी असं सांगायचं. सकाळी सादा रोटी आणि बैगन चोखा नाहीतर टोमॅटो चोखा, वांगं विस्तवावर भाजून लसूण घालून. 1845 पासून यूपी-बिहारकडचे मजूर तिकडच्या उसाच्या मळ्यांत नेले ना, त्यांच्या घरातलं जेवण आहे हे, सासूबाईंना परकं वाटणार नाही. दिवाळीच्या आधी गेलात तर चग्वानासला दिवाळी नगर भरतं, तिथे मांस-दारू काहीच नसतं.

बॅकफूट
खाण्याचं चालू द्या, मी ओव्हलबद्दल लिहितो. क्वीन्स पार्क ओव्हल!! 1971, वाडेकर कॅप्टन, सरदेसाई 112, गावसकरचं पदार्पण 65 आणि नाबाद 67, वेस्ट इंडिजविरुद्ध आपला पहिला टेस्ट विजय ह्याच मैदानावर. मग त्याच दौऱ्यात शेवटच्या टेस्टला तिथेच 124 आणि 220. आणि 1976 ला 403 चा पाठलाग. बाबा हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे म्हणायला लावायचे, म्हणून मैदानात पाय ठेवला तेव्हा पहिला फोन त्यांनाच लावला. शेजारी बसलेले आजोबा अनोळखी, पण गावसकर म्हटल्यावर त्यांनी कूलरमधून मला कॅरिब बिअर काढून दिली आणि दिवसभर सोडलं नाही.

सदाफुली
@बॅकफूट वा! माझे सासरे पण सरदेसाईंचे भक्त, वाचून दाखवते त्यांना

दर्याकिनारा
माराकासबद्दल. शहरातून डोंगरातल्या रस्त्याने पाऊण-एक तास, वाटेत लुकआउटला थांबून चाऊ घ्या (कैरी किंवा अननस, मीठ, लसूण, शॅडो बेनी, मिरची). बेक म्हणजे तळलेला पाव, त्यात मासा भरून देतात आणि पुढे टेबलावर चटण्या-सॅलडं आपली आपण घालायची. माझं कळकळीचं सांगणं, शार्क नको, किंगफिश मागा. शार्क समुद्रात कमी होत चाललेत आणि किंगफिश आपल्या सुरमईच्याच कुळातला, चवीला उलट सरस.
आणि संध्याकाळ एक तरी कॅरोनीच्या खारफुटीत घालवा, बोटीने नेतात, सूर्य मावळताना लालभडक आयबिस पक्षी थव्याने झाडांवर उतरतात.

ओसरी
रात्रीचं कोणीच लिहीना. अॅरिआपिटा अॅव्हेन्यू, सगळे नुसतं 'द अॅव्हेन्यू' म्हणतात, शुक्रवारी बार ओसंडून फूटपाथवर आलेले असतात. मला मात्र सेंट जेम्सचा भाग जास्त आवडला, मध्यरात्रीसुद्धा रोटी मिळते आणि म्हातारी माणसं पण खुर्च्या टाकून बसलेली असतात. नुसतं बसणं, गप्पा, एखादी स्टॅग बिअर, ह्यालाच तिकडे लाइम करणं म्हणतात आणि त्यात घाई केलेली कोणाला आवडत नाही. रात्री डाउनटाउनला एकटं पायी फिरू नका, ओळखीची टॅक्सी ठेवा.
कार्निव्हल म्हणजे अॅश वेन्सडेच्या (ख्रिश्चनांचे ईस्टरआधीचे उपास सुरू होतात तो बुधवार) आधीचे सोमवार-मंगळवार, पण गर्दी नको असेल तर त्याआधीच्या आठवड्यांत संध्याकाळी पॅनयार्डात, म्हणजे स्टीलपॅन (पत्र्याच्या पिंपाचं वाद्य) बँडच्या तालमीच्या अंगणात जा. ड्यूक स्ट्रीटला ऑल स्टार्स बँडची तालीम असते, स्टीलपॅनवाले इतके जण एकत्र वाजवायला लागले की छातीत घुमतं. मी त्यासाठी परत जाईन.

अळूवडी
पोरांनो विमानाचं पण सांगा, मुंबईहून थेट नाहीच का?

ओसरी
@अळूवडी नाही, लंडन नाहीतर अमेरिका-कॅनडामार्गे. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायला पण त्यांचा व्हिसा लागतो, आधी बघा. सासूबाई टोरांटोहून जाणार असतील तर प्रश्नच नाही

मोगरा७
सदाफुलीताई ते सरबत कसं करायचं ते लिहा ना, आमच्याकडे बोंडांची फक्त चटणी होते

सदाफुली
@मोगरा७ बी काढून टाकायची, लाल पाकळ्या आलं-दालचिनी-लवंग घालून उकळायच्या, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी गाळून साखर. मोठी माणसं त्यात रम पण घालतात. कुकर लावायचाय, येते परत

दर्याकिनारा
भाच्याला शेजारच्या टोबॅगो बेटावर पण पाठवा, तिथे स्टोअर बेच्या किनाऱ्यावर झोपड्यांतून बायका क्रॅब अँड डम्पलिंग विकतात, खेकडा करीच्या रश्शात, हाताने फोडून खायचा. रविवार असेल तर रात्री तिथल्याच बुकू गावाला 'संडे स्कूल', शाळाबिळा काही नाही, आधी स्टीलपॅन आणि मग पहाटेपर्यंत नाच.

मोगरा७
बोटीने जावं की विमानाने?

दर्याकिनारा
विमान वीस-पंचवीस मिनिटं. बोट स्वस्त, पण जाताना समुद्र खवळलेला असतो, उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग नाही