ओरिनोकोचं क्रूड नाफ्था घालून पाइपमधून जातंय, मग अपग्रेडर कशाला?

केमिकल_टीवाय: सेमिनारला व्हेनेझुएलाचा ओरिनोको पट्टा घेतलाय. तिथलं क्रूड ८ ते १० एपीआय (आकडा जितका कमी तितकं तेल जड), म्हणजे बरंचसं पाण्यात बुडेल इतकं जड. नाफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) मिसळून पातळ करतात आणि २०० किमीवर किनाऱ्यावरच्या होसेला पाठवतात, इथवर कळलं. मग तिथं अब्जावधी डॉलर घालून अपग्रेडर, म्हणजे जड तेल हलकं करणारे कारखाने, का बांधले? आणि राजस्थानातल्या बाडमेरच्या तेलासारखी लाइनच गरम का नाही ठेवत?

कोकर_रात्रपाळी: अरे नाफ्था काय फुकट येतो का! होसेला आधी तो उडवून वेगळा काढतात आणि दुसऱ्या लाइननं परत विहिरींकडे धाडतात, तोच तोच फिरत राहतो. उरलेल्यातला सगळ्यात जड गाळ डिलेड कोकर नावाच्या युनिटला जातो, ५०० अंशाच्या आसपास तापवून ड्रममध्ये सोडायचा, मोठे रेणू तुटतात, हलकं वरून निघतं आणि कार्बन आत दगडासारखा बसतो, तोच कोक. ड्रम भरला की येणारा गाळ शेजारच्या ड्रमवर आणि हा पाण्याच्या जेटनं कापायचा, आमच्याकडेही हेच चालतं, तेव्हा आवाज एवढा की बाजूच्याशी बोलायचं तर खुणेनंच. हलका माल हायड्रोट्रीट केला, म्हणजे हायड्रोजननं साफ केला, की सिंथेटिक क्रूड. तिथल्या सिंकोर अपग्रेडरचं ३२ एपीआय निघायचं, सेरो नेग्रो अपग्रेडरवाले १६ वरच थांबले कारण त्यांचा माल घेणाऱ्या लुइझियानातल्या रिफायनरीकडे स्वतःचा कोकर होता. म्हणजे किती अपग्रेड करायचं हे गिऱ्हाईक ठरवतं, पाइप नाही.

मेहसाणाकर: बाडमेरचं तेल मेणचट आहे, जड नाही. मेण वितळलेलं राहील एवढी ऊब दिली की झालं. ओरिनोकोचं तेल जमिनीखाली ५० अंशाला असतं म्हणून तिथं जरा तरी हलतं, वर येऊन गार झालं की डांबर. नुसत्या उष्णतेवर एवढी लाइन चालवायची आणि एकदा पंप बंद पडून ती गार झाली तर मग बसा.

तेलतुंबडे: अपग्रेडर बंद असला की खरी गंमत कळते. मग पातळ केलेलंच तेल विकावं लागतं, नाफ्था बोटीत बसून गिऱ्हाइकाकडे जातो, परत येत नाही. २०१९ ला अमेरिकेचे निर्बंध आले, तिकडचा नाफ्था थांबला, आणि २०२१ पासून इराणकडून कंडेन्सेट (नाफ्थ्यासारखंच हलकं तेल) घेऊन बदल्यात जड क्रूड द्यायची वेळ आली. अपग्रेडर कशाला याचं उत्तर यातच आहे बघ. कॅनडावालेही त्यांच्या डांबरासारख्या तेलात, बिटुमेनमध्ये, साधारण ३० टक्के डायल्युएंट (पातळ करणारं हलकं तेल) घालतात, म्हणजे पाइपची तेवढी जागा त्यातच जाते.

केमिकल_टीवाय: भारी, स्लाइडच बदलतो. पण त्या कोकचं करतात काय?

कोकर_रात्रपाळी: सिमेंटच्या भट्टीत जाळायला विकतात. होसेला उचलला गेला नाही तेव्हा नुसते काळे डोंगर साठले, सॅटेलाइट फोटोत बघ, स्लाइडला टाकायला बरे.