जर्मनीला निघण्याआधी ठाण्यातून कुठले कागद नीट करून न्यावेत?

अनघा, घोडबंदर रोड

नमस्कार मंडळी,

या मेलिंग लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय. माझा नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना) जर्मनीत गेलाय आणि आता मी आणि चार वर्षांची लेक दोनेक महिन्यांत निघतोय. कुकर न्या, गोडा मसाला न्या हे सगळेच सांगतायत पण मला काळजी कागदांची आहे. पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, मॅरेज सर्टिफिकेटवरही माहेरचंच, आधारवर सासरचं, आणि माझ्या जन्माच्या दाखल्यात तर नावच नाही, आईवडिलांची नावं आणि लिंग स्त्री एवढंच. आजवर कुठे अडलं नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं होत गेलं. नवरा म्हणतो इथे आल्यावर बघू. चालेल का तसं? आणि तिकडच्या सरकारी ऑफिसांचा अनुभव एकंदर कसा असतो तेही जुन्या लोकांनी खरंखरं सांगा प्लीज.

शिरीष, सध्या मुक्काम नौपाडा

अनघा, तिकडे गेल्यावर बघू असं अजिबात करू नकोस. मी १९९८ पासून जर्मनीत आहे, सध्या आईपाशी ठाण्यात आलोय, आणि इतक्या वर्षांत ओळखीतल्या ज्या ज्या घरांना तिथे कागदांचा त्रास झाला त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथल्याच एखाद्या दाखल्यात होतं.

आधी तुझ्या नावांचं. आधार तिथे कुणी विचारत नाही, त्यामुळे आधारवर सासरचं नाव आहे याने तिकडे काही बिघडत नाही. पासपोर्ट आणि मॅरेज सर्टिफिकेट जुळतंय ही मोठी गोष्ट आहे, म्हणून आत्ता घाईघाईत गॅझेट करून सासरचं नाव लावायच्या भानगडीत पडू नकोस, नाहीतर जुळलेले दोन कागद पुन्हा वेगळे होतील. खरं काम दोन ठिकाणी आहे. एक तुझा जन्माचा दाखला. दुसरं तू लिहिलं नाहीस पण आज घरी जाऊन बघ, लेकीच्या जन्माच्या दाखल्यात आईचं नाव काय लिहिलंय. हॉस्पिटलात फॉर्म भरताना बहुतेक वेळा सासरचं नाव सांगितलं जातं, आणि मग जर्मन अधिकाऱ्याला पासपोर्टवरची बाई आणि दाखल्यावरची आई या दोन वेगळ्या बायका दिसतात. तो वाईट माणूस असतो असं नाही, त्याला आपल्याकडची पद्धत माहीत नसते आणि समजून घ्यायची त्याला मुभाही नसते, त्याच्यासमोर जे अक्षर आहे तेच खरं.

नाव नसलेल्या दाखल्यात नाव घालता येतं. जन्म जिथे नोंदला तिथल्याच महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीकडे अर्ज करायचा. जन्मानंतर १५ वर्षांची मुदत नियमात असते आणि जुन्या नोंदींसाठी सरकार ती वेळोवेळी वाढवत आलंय, तेव्हा आत्ताची स्थिती खिडकीवरच विचार, आणि अर्ज दिलास की शिक्का आणि तारखेसकट पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

आता हे इतकं का महत्त्वाचं ते सांगतो. स्टेशनजवळचे एजंट तुला म्हणतील अपॉस्टील म्हणजे परदेशात दाखला ग्राह्य धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का करून देतो, सगळीकडे चालतं. जर्मनीत चालत नाही. भारत २००५ मध्ये अपॉस्टीलच्या करारात आला पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपलं अपॉस्टील तिथे ग्राह्य नाही, त्यावर पैसे घालवू नकोस. तिथल्या ऑफिसला दाखल्याची खात्री करायची असेल तर ते मुंबईतल्या जर्मन कॉन्सुलेटला लिहितात, कॉन्सुलेट इथला वकील नेमतं, आणि तो माणूस महापालिकेत जाऊन मूळ रजिस्टर बघतो, शाळेत जाऊन विचारतो, कधी घरच्यांशीही बोलतो. खर्च सगळा आपला, आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. रजिस्टरमध्ये तुझं नावच नसेल तर तो काय लिहून पाठवणार?

आणि हे नेमकं नाजूक वेळेला येतं. दुसरं मूल तिथे झालं की श्टांडेसआम्ट म्हणजे जन्म-विवाह नोंदणीचं ऑफिस आईबाप दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला बाळाचा पूर्ण दाखला मिळेना, त्याऐवजी रजिस्टरचा उतारा मिळाला आणि त्यावर आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा. कायद्याने तो उतारा चालतो, पण ती मुलगी बाळंतीण होती आणि तो शेरा वाचून जी रडली ते मी विसरू शकत नाही. शिवाय तिथल्या भारतीय वकिलातीत बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत नोंदवायचा असतो, त्याची धाकधूक वेगळीच.

बाकी रोजचं जगणं सोपं आहे, फक्त पत्रं वाचायची सवय लागली पाहिजे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. आणि पत्रपेटीवर तुमच्या दोघांचीही आडनावं लाव, तुझं वेगळं आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. तिथे बिल्डिंगला बी विंग ७०४ असला पत्ता नसतो, रस्ता आणि घर नंबर, बाकी पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि सगळं पत्रानेच येतं, टॅक्सचा अकरा आकडी नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल, घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी, तिकडे दुर्लक्ष करू नका.

एक पाकीट मात्र नीट ओळखून ठेव. पिवळं असतं, त्यात सरकारी निर्णय येतो. पोस्टमन त्यावर हाताने तारीख लिहितो आणि पेटीत टाकतो, सही नको काही नको. त्या तारखेपासून मुदत सुरू, तू तेव्हा सुट्टीला ठाण्यात आलेली असलीस तरी. म्हणून पत्राबरोबर पाकीटही जपून ठेवायचं. अशा निर्णयांच्या शेवटी छापलेलं असतं की हे मान्य नसेल तर कुणाकडे आणि किती दिवसांत हरकत घ्यायची, बहुतेक ठिकाणी एक महिना. कितीतरी आपली माणसं घाबरून तो शेवटचा परिच्छेद वाचतच नाहीत. मला त्या देशातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असं विचारशील तर तो परिच्छेद. निर्णय लेखी, कारण लेखी, आणि विरोध कसा करायचा तेही त्यांनीच लिहून दिलेलं. मला तिथे कधी कुणाची ओळख काढावी लागली नाही.

निखिल, ऐरोली

शिरीषकाका तुमच्याबद्दल आदर आहे पण हे चित्र १९९८ला गेलेल्या माणसाचं आहे, माफ करा स्पष्ट लिहितोय. मी पाच वर्षं तिथे होतो, राहण्याचा परवाना संपायच्या दोन महिने आधी रिन्यूअलचा अर्ज केला, ऑनलाइन फॉर्म, उत्तर आलं की तुमचा मेल मिळाला आणि बस, नंतर काहीच नाही, टर्मिन म्हणजे भेटीची ठरलेली वेळ मिळेना, फोन कुणी उचलेना, प्रत्यक्ष गेलो तर दारात सिक्युरिटीवाला, टर्मिनचा कागद दाखवा नाहीतर आत नाही, परवान्याचं कार्ड संपलं, कंपनीचं एचआर रोज विचारतंय नवीन कार्ड कुठे, इकडे बाबांची बायपास ठरली आणि मी निघू शकत नव्हतो कारण निघालो तर परत घेतील की नाही हे सांगणाराच कुणी नाही. लेखी निर्णयाचं कौतुक ठीक आहे पण निर्णयच आला नाही तर त्या शेवटच्या परिच्छेदाचं काय करू? आपल्या वॉर्ड ऑफिसात निदान समोर माणूस बसलेला असतो, दुपारनंतर या म्हणतो, साहेब जेवायला गेलेत म्हणतो, पण दिसतो तरी, त्याला सांगता येतं की माझे बाबा आजारी आहेत. अनघाताईंना हेही कळायला हवं म्हणून लिहिलं. मी परत आलो त्याला हे एकच कारण नाही, पण हे कारण आहे.

शिरीष

निखिल, तुझा राग शंभर टक्के रास्त आहे, माफी मागायचं काही कारण नाही. मोठ्या शहरांतल्या आउसलेंडरबेहोर्डमध्ये म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसात आज हेच चाललंय, माणसं कमी आणि फायली कितीतरी जास्त. आम्ही गेलो तेव्हा पहाटे रांग लावून नंबरचं तिकीट घ्यायचो, थंडीत हाल व्हायचे पण त्या दिवशी माणूस भेटायचा. आता रांग गेली आणि माणूसही गेला. हे वाईट झालंय आणि ते वाईट आहे असं आपण तिथे टॅक्स भरणाऱ्यांनी म्हटलंच पाहिजे.

पण पुढे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण या कुणी आपणहून सांगत नाही. परवाना संपायच्या आत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना कायद्यानेच चालू राहतो, नोकरीसकट. त्याचा पुरावा म्हणून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मिळतो. तो मागून घ्यायचा, लेखी मागायचा. त्याचे प्रकार आहेत, मुदतवाढीच्या अर्जावर मिळणाऱ्या कागदावर भारतात येऊन परत जाता येतं, सगळ्या प्रकारांवर नाही, तेव्हा तिकीट काढायच्या आधी कागदावर कुठल्या चौकटीत खूण केलीय ते बघायचं. दुसरं, तीन महिन्यांत निर्णय आला नाही आणि ऑफिसकडे उशिराचं सबळ कारण नसेल तर निर्णय देत नाहीत म्हणून प्रशासकीय कोर्टात जाता येतं. ही काही बंडखोरी नाही, तिथल्या लोकांनाही ते नेहमीचंच आहे, आणि कित्येकदा वकिलाचं पत्र गेलं की फाईल हलते. वकील परवडत नसेल तर कारितास, डियाकोनी, आवो या संस्थांची स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला केंद्रं आहेत. नव्या माणसाला वाटतं तक्रार केली तर आपला परवाना जाईल. नाही जात. ही भीती आपण इथून घेऊन जातो आणि ती मला फार खटकते.

इथेही तसंच कर असं अनघाला सांगेन. महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ज्या सेवा त्याखाली येतात त्यांचे दिवस ठरलेले असतात, उशीर झाला तर अपील आहे. पण आपण आधी ओळखीचा नगरसेवक शोधतो. तू पोच घे, दिवस संपले की लेखी विचार.

सुलभा, वाशी

शिरीषभाऊ, तुमचे मेल वाचून धीर आला म्हणून विचारते. आमचा मुलगा तिकडे सहा वर्षं आहे. आम्ही दोघं सत्तरीच्या पुढे. तो म्हणतो आई तुम्ही इकडेच या आता. आम्हाला कायमचं राहता येतं का तिथे? नव्वद दिवसांचा व्हिसा आम्ही एकदा केला होता.

शिरीष

सुलभाताई, हा प्रश्न माझ्या घरचाच आहे म्हणून नीट लिहितो. भेटीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) म्हणजे १८० दिवसांत ९० दिवस, त्याला कमीत कमी ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा, आणि मुलाने तिथल्या ऑफिसात खर्चाची हमी लिहून दिली तर व्हिसा मिळायला मदत होते. तो वाढवून मिळत नाही, अगदी अपवाद सोडला तर.

कायमचं यायचं तर आईवडिलांना तिथे वर्षानुवर्षं जवळपास दार बंद होतं. २०२४ मध्ये कायदा बदलला. ज्याला कुशल कर्मचारी म्हणून पहिला परवाना १ मार्च २०२४ला किंवा त्यानंतर मिळाला तो आईवडिलांना, सासूसासऱ्यांना बोलावू शकतो. त्याआधी तसा परवाना मिळालेल्यांना नाही. तुमचा मुलगा सहा वर्षं तिथे आहे म्हणजे बहुतेक त्या तारखेच्या आधीचा, पण विद्यार्थी म्हणून गेला असेल आणि नोकरीचा परवाना नंतर मिळाला असेल तर गोष्ट वेगळी, ते तपासायला हवं. आणि दार उघडलं तरी पुढे आरोग्य विमा आहे. सत्तरीच्या माणसाला नव्याने सरकारी विमा जवळपास मिळत नाही, खासगी घ्यायचा तर प्रवासाचा चालत नाही, पूर्ण लागतो, आणि मधुमेह, बीपी असेल तर हप्ता ऐकूनच लोक थांबतात. अनघा, तुझा नवरा नुकताच गेलाय, म्हणजे ही सवलत तुम्हाला लागू होऊ शकते, दोघं मिळून आत्ताच माहिती काढा, आईवडील साठीत असताना विमा जेवढा सोपा जातो तेवढा नंतर नाही.

मला ही तारीख पटत नाही हे मी उघड सांगतो. आम्ही तिथे पंचवीस वर्षं विमा भरला, पेन्शन भरली, मुलं वाढवली, आणि आमच्या पिढीच्या आया इथे एकट्या राहिल्या. कालच्या माणसाला जो हक्क दिला तो आम्हाला न देण्याचं कारण मी कुठे वाचलेलं नाही. मी तिथल्या आमच्या खासदाराला तसं पत्र लिहिलंय आणि लिस्टवर ज्यांचं हेच दुखणं आहे त्यांनीही लिहावं, मराठी मंडळांनी एकत्र लिहिलं तर आणखी बरं.

दुसरी बाजू म्हणजे मुलाने इथे येऊन राहणं. त्यात एक नियम फार लोकांना उशिरा कळतो. कायमचा परवाना असला तरी साधारण सहा महिने सलग देशाबाहेर राहिलं की तो रद्द होतो, ब्लू कार्डवाल्यांना बारा महिन्यांची सवलत आहे. पण १५ वर्षं कायदेशीर राहिलेल्या आणि स्वतःचं उत्पन्न असलेल्या माणसाचा कायमचा परवाना बाहेर राहिल्याने जात नाही, आणि तसा दाखला ऑफिसकडून निघायच्या आधी मागून घेता येतो. तो दाखला काढला म्हणूनच मी आत्ता आईजवळ निश्चिंत राहू शकतो. जर्मन नागरिकत्व घेतलं तर हा प्रश्न राहत नाही, जर्मनी २०२४च्या जूनपासून दुसरं नागरिकत्व ठेवू देते, पण आपला १९५५चा कायदा देत नाही, मग भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड करावं लागतं. मी अजून केलेलं नाही, तो ज्याचा त्याचा निर्णय.

तुम्ही मुलाला विचारून मला एवढं कळवा: त्याचा नोकरीवरचा पहिला परवाना कुठल्या तारखेचा, आत्ता हातात कुठलं कार्ड आहे, आणि तुम्हा दोघांना कुठली औषधं चालू आहेत. हे लिस्टवर नको, मला स्वतंत्र मेल करा.