अनुभव धागा : स्वस्तातला अ‍ॅनालॉग डिले आणि आपली खारी हवा

रत्नागिरी (धागा सुरू करतोय)

गणपतीत आमच्या वाडीच्या मंडपात एक रात्र वाद्यवृंदाची असते. गेली तीन वर्षं लीड गिटार माझ्याकडे आहे आणि तीनही वर्षं लोकांनी एकच सांगितलं, "छान वाजवतोस, पण आवाज कोरडा वाटतो रे." कोरडा म्हणजे एको नाही. आपल्याकडे भजनाच्या माइकलासुद्धा एको सोडल्याशिवाय बुवा तोंड उघडत नाहीत, तिथे गिटारीला कोण माफ करणार?

तर यंदा अ‍ॅनालॉग डिले घ्यायचाच, म्हणजे वाजवलेला सूर जरा वेळाने पुन्हा ऐकवणारा पायाखालचा डबा, पेडल. बजेट १० हजारांच्या आत, सेकंडहँड चालेल. व्हिडिओत सगळेच पेडल गोड वाजतात, त्यामुळे तसले दुवे नकोत. कुठला घेतलात, कुठे वाजवलात आणि जून ते सप्टेंबर त्याचं काय झालं, एवढं सांगा. शेवटचा प्रश्न घाटावरच्यांना पडत नाही, म्हणून हा धागा किनाऱ्यावरच्यांसाठी. घाटावरच्यांनी वाचावं, सल्ला देऊ नये. (गंमत करतोय. थोडीशी.)

रेवदंडा

माझ्याकडे बेहरिंगरचा व्हीडी४००, अलिबागच्या एका पोराकडून २,५०० ला घेतलेला. डबा प्लास्टिकचा, म्हणून लोक हसतात. हसू देत. प्लास्टिकला गंज चढत नाही. खालचे स्क्रू मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात तांबडे झाले.

घेण्याआधी एक गणित करा, कारण इथेच बहुतेक जण फसतात. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याने, भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० ची लय असेल तर ठोका ५०० चा. हा पेडल ३०० वर संपतो. म्हणजे अर्धा ठोका, २५०, बसला. पण ज्या पाऊण ठोक्यासाठी, म्हणजे ३७५ साठी, निम्मे लोक डिले घेतात तो गेला. टीसी इलेक्ट्रॉनिकचा एकोब्रेन धातूचा आहे, दिसायला बरा आहे, पण तोही ३०० चाच. मग लोक पेडलला शिव्या घालतात. अहो, पेडलने कधी कबूल केलं होतं?

मला १०० च्या आसपासचा एकच फटका लागतो, सूर मागून टपली मारल्यासारखा. त्याला हा पुरून उरतो.

मालवण, चर्चचा क्वायर

एमएक्सआरचा कार्बन कॉपी. नवा परवडणारा नव्हता, मडगावच्या एका वादकाकडून जुना घेतला आणि तुमच्या बजेटच्या जरासाच वर गेलो. ६०० मिलिसेकंद, तीन नॉब, एक छोटं मॉड बटण. त्या बटणाने पुनरावृत्ती किंचित लाटेवर हलल्यासारखी होते. किती आणि किती वेगाने हलावी याचे दोन ट्रिमर आत असतात, मागचं झाकण उघडून बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. पहिले आठ महिने मला हे माहीतच नव्हतं. तोवर आमची सगळी स्तोत्रं बोटीत बसून गायल्यासारखी येत होती.

पण खरा धडा वेगळाच. आमच्या चर्चमध्ये उंच छत आणि दगडी भिंती, टाळी वाजवली तरी ती स्वतःच परत येते. तिथे मिक्सचा (एको किती मिसळायचा तो) नॉब घड्याळाच्या काट्यासारखा नऊच्या पुढे नेला की नुसता चिखल. घरी पडवीत मात्र तोच नॉब बारापर्यंत न्यावा लागतो. पहिल्यांदा पडवीत वाजवला तेव्हा आजी माजघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "तुझ्या गिटारीक भूत लागला की काय रे? मागसून कोण वाजवता?"

कणकवली, दुरुस्तीचं दुकान

मी गिटार वाजवत नाही. भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो, अलीकडे पोरं हे पायाखालचे डबेही आणतात. त्यामुळे डब्यावर काय छापलंय यापेक्षा आत काय बसलंय ते मला जास्त ठाऊक.

खरा अ‍ॅनालॉग डिले म्हणजे बीबीडी, बकेट ब्रिगेड. गवताची उडवी पेटली की विहिरीपासून माणसं ओळीने उभी राहतात आणि कळशी हातोहात पुढे जाते, तसंच. चिपमध्ये हजारो बारके कपॅसिटर रांगेत असतात, आवाजाचा विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि क्लॉक त्यांना 'चला, चला' म्हणत असतं. ही युक्ती १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या दोघांनी काढली. पुढे मात्सुशिता या जपानी कंपनीची एमएन३००५ ही चिप गाजली, ४,०९६ टप्प्यांची. ती केव्हाच बंद झाली. आता झ्वाइव्ह कंपनीने पुन्हा काढली आहे, आणि कमी व्होल्टेजच्या एमएन३२०५ चा भाऊ कूलऑडिओ बनवते, व्ही३२०५.

आता पुनरावृत्ती अंधारी का येते ते बघा. ४,०९६ टप्प्यांतून ३०० मिलिसेकंद काढायचे तर क्लॉक सेकंदाला साधारण ६,८०० वेळा टिकटिकतं. त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ३,४०० हर्ट्झच्या, वरचं काहीही धड पार होत नाही, उलट भलताच सूर होऊन बाहेर येतं. म्हणून आधी आणि नंतर फिल्टर लावून वरचा भाग कापून टाकतात. ज्याला तुम्ही 'उबदार आवाज' म्हणता ती ही काटछाट. शिवाय प्रत्येक हातात कळशीतलं थोडं पाणी सांडतं ते वेगळंच. ६०० हवे असतील तर साधारण दुप्पट टप्पे लागतात, म्हणून लांब डिले महाग.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. माझ्या टेबलावर 'अ‍ॅनालॉग' लिहिलेले जेवढे स्वस्त डबे आले, त्यातल्या निम्म्यांत पीटी२३९९ निघाली. नावं घेत नाही. ती प्रिन्सटन टेक्नॉलॉजी या तैवानच्या कंपनीची चिप आहे, कराओकेच्या एकोसाठी बनवलेली, आणि ती डिजिटल आहे. आत ४४ हजार बिटांची मेमरी असते. भजनाच्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बुवांच्या आवाजामागे जो एको धावतो, तोही बहुतेक वेळा हिचाच. म्हणजे रत्नागिरीकर, तुमची गिटार कोरडी आणि माइक ओला, या दोघांत अंतर एका चिपचं आहे.

दापोली

वरच्या काकांनी माझा दिवस खराब केला. माझा पेडल उघडला, आत पीटी२३९९. डब्यावर मोठ्या अक्षरात अ‍ॅनालॉग. दोन दिवस राग होता, विकणाऱ्याला मेसेजही टाकला, उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी वाजवला आणि लक्षात आलं की आवाज तोच आहे जो मला गेलं वर्षभर आवडत होता. कॉलेजच्या गॅदरिंगला याच्यावर वाजवलं तेव्हा कुणी चिप विचारली नव्हती. काका, मग फरक कुठे ऐकू येतो, सरळ सांगा ना.

कणकवली, दुरुस्तीचं दुकान

बाळा, राग धरू नकोस. तुझ्या पेडलमध्येही पुढे-मागे फिल्टर असतो, म्हणून आवाज मऊच येतो. ३०० च्या खाली डोळे मिटून तुलाच काय, मलाही खात्रीने सांगता येणार नाही. नॉब पुढे ने. ही चिप साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत नीट चालते, त्यापुढे ताणली की पुनरावृत्तीत खरखर वाढते, पत्र्यावर रेती पडल्यासारखी. ६०० लिहिलेल्या डब्यात ही एकच चिप असेल तर शेवटच्या भागात हे ऐकू येईल. बीबीडी ताणली की ती आणखी काळोखी होत जाते. आवडतं ते ठेव. फक्त अ‍ॅनालॉगचे म्हणून जादा पैसे देऊ नकोस.

गुहागर

दादा, माझ्याकडे आयबानेझचा अ‍ॅनालॉग डिले मिनी आहे. ६०० मिलिसेकंद, तळहाताएवढा, बॅटरी बसत नाही, अ‍ॅडॅप्टरच लागतो. हे आधी सांगते, कारण अंगणात कार्यक्रम आणि ऐन वेळी लाईट गेली, असं दोनदा झालंय.

आम्ही चौघी-पाचजणी जाखडीच्या चालींवर गिटार बसवतो. जाखडीची लय एका जागी थांबत नाही, नाचणारे चढले की ढोलकी चढते. टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन लय सांगायची सोय, नसलेल्या पेडलला हे कसं कळणार? पहिल्या वर्षी पुनरावृत्ती मागे रेंगाळत राहिली आणि ढोलकीवाला काका मध्येच ओरडला, "तो दुसरा कोण वाजवतोय त्याला थांबवा!"

मग मी वाजवता वाजवता पायाच्या अंगठ्याने टाइमचा नॉब ढकलायला शिकले. तेव्हा गंमत समजली: नॉब फिरवला की आधी वाजलेला सूरही वर चढतो, मीण्ड घेतल्यासारखा. कणकवलीच्या काकांनी सांगितलेलं क्लॉक वेगाने हललं की कळश्याही पटपट पोचतात, म्हणून असावं. आता चाल चढते तिथे मी मुद्दाम तेच करते. गावात लोक त्याला 'ती शीळ' म्हणतात.

पावसाळ्यासाठी एकच सांगते. आगोटीचं सामान भरताना पेडलही आवरून टाका. जुन्या ओढणीत गुंडाळून, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात. मी आधी तांदळाच्या डब्यात ठेवला होता. आईने भात घेताना वाटीऐवजी पेडल काढला, तेव्हापासून वेगळा डबा आहे.

तारकर्ली

मी पर्यटकांसमोर वाजवतो, समुद्रापासून पन्नास पावलांवर, नोव्हेंबर ते मे. वारा समोरून येतो आणि त्यातलं मीठ जॅकमध्ये बसतं. दर पंधरा दिवसांनी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि प्लग आत-बाहेर दहा वेळा. नॉब खरखरायला लागले की तोच फवारा, नॉब फिरवत राहायचं. याला पर्याय मला सापडलेला नाही.

दुसरं म्हणजे वीज. एका अ‍ॅडॅप्टरवरून साखळी करून पाच पेडल चालवायचो. डिलेमागे सतत बारीक शीळ, डास कानाशी आल्यासारखी. पेडलच खराब समजून विकायला काढला होता. शेवटी कळलं, शेजारच्या डिजिटल पेडलचं क्लॉक आणि याचं क्लॉक एकाच तारेवर भांडत होती. डिलेला वेगळा ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर दिला, शीळ गेली. अ‍ॅडॅप्टर घेताना मधली पिन ऋण आहे ना ते बघा. कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर बसतो म्हणून लावू नका, मी लावला होता. पुढचं विचारू नका.

चिपळूण

२२ जुलै २०२१. ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कागदपत्रं आणि आईची औषधं वर नेली, गिटारीची पिशवी खाली राहिली. तीन दिवसांनी चिखलातून काढली. गिटार गेली, मान पिळवटली होती.

पेडल होता इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा मेमरी टॉय, ५५० मिलिसेकंदांचा, मॉड्युलेशनचा छोटा स्विच असलेला. चालू करून बघायचा मोह आवरला, त्यानेच तो वाचला. बॅटरी काढली, मागचं झाकण उघडलं. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, सर्किट बोर्डच्या दोन्ही बाजूंनी. आठ दिवस पंख्याखाली. (पंखा म्हणजे शेजारच्यांचा, आमच्याकडे लाईट नव्हती.) पायाचा स्विच आणि एक पॉट (नॉबखालचा फिरता भाग) बदलावा लागला. बाकी आजही चालतो. एक कोपरा अजून किंचित तांबूस आहे, तो मी साफ करत नाही.

देवगड

वय ६८. तुम्हा पोरांची चर्चा वाचून मजा आली. आम्ही मुंबईत ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा एकोसाठी रोलँडचा स्पेस एको, आरई-२०१, असायचा. १९७४ चं मॉडेल. आत टेपचं वेटोळं फिरायचं. टेप झिजली की आवाज हलायचा, हेड स्पिरिटने पुसायचं, आणि उचलायला एक माणूस वेगळा. गावच्या जत्रेला तो एकदा घेऊन आलो. तीन रात्रींत दमट हवेने टेप अशी चिकटली की शेवटच्या रात्री एकोविना वाजवलं. लोकांनी तेव्हाही 'कोरडा' म्हटलं होतं, रत्नागिरीकर.

आता मुलाने बॉसचा डीएम-२डब्ल्यू पाठवला आहे. तुमच्या बजेटात नाही, म्हणून वर्णन करत बसत नाही. त्याचा मूळ अवतार, १९८१ चा डीएम-२, ३०० चाच होता आणि त्यावर आमच्या पिढीने काय काय वाजवलं! ३७५ नाही म्हणून कुणी घरी बसलं नाही.

रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. रेवदंड्याचं गणित यादीला लावून पाहिलं. आमची बरीच गाणी ९० ते ११० मधली, पाऊण ठोका म्हणजे ५०० ते ४०९. ३०० वाले बाद. देवगडच्या काकांचं पटतं, पण एकदा पाऊण ठोका ऐकल्यावर कान मागे जात नाहीत. कुडाळला एक जण मेमरी टॉय विकतोय, ६,५०० म्हणतो, फोटोत झाकणाचे स्क्रू गंजलेले दिसतात. कणकवलीचे काका, घेऊन थेट तुमच्याकडे आणला तर उघडून बघाल का?

कणकवली, दुरुस्तीचं दुकान

बघेन की. घेण्याआधी त्याच्यासमोर रिपीटचा (पुनरावृत्ती किती वेळा ते ठरवणारा) नॉब पूर्ण उघडून सोडून द्या, डिले स्वतःच ओरडायला लागला पाहिजे. मग टाइम हळूहळू फिरवा. मध्येच आवाज तुटला तर पॉट गेलाय, ५०० कमी करा. आणि येणार असाल तर चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून या. तेव्हा दुकानात मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर छताला टेकलेले असतात, पाय ठेवायला जागा नसते.