न्यूक: बिफोर रेंडर माझ्या मशीनवर चालतं, फार्मवर नाही

रोटोवाला: मंडळी न्यूकमध्ये (कंपोझिटिंगचं सॉफ्टवेअर) दोन दिवस डोकं आपटतोय. राइट नोडचं (फ्रेम्स फाइलमध्ये लिहिणारा) रेंडर सुरू व्हायच्या आधी आऊटपुट फोल्डर रिकामं व्हायला हवंय, कारण जुने फ्रेम्स तसेच पडून राहतात आणि मग रेंज बदलली की शॉटच्या शेपटीला आधीच्या रेंडरचे चार फ्रेम्स लागून जातात (गेलेत, शिव्या खाल्ल्यात). म्हणून पायथनमध्ये छोटं फंक्शन लिहिलं आणि मेन्यू डॉट पायमधून न्यूक डॉट अ‍ॅड बिफोर रेंडरने लावलं. लोकल रेंडरला मस्त चालतं, फार्मवर (रेंडरसाठीच्या मशीनांचा ताफा) ढिम्म. एररही नाही. अजून एक, झेड-डिफोकसच्या (खोलीनुसार ब्लर देणारा नोड) डिसेबल नॉबमध्ये डॉलर गुई (न्यूकची खिडकी उघडी असेल तर १, नाहीतर ०) टाकलंय, काम करताना जड होतो म्हणून. तर लोकल रेंडरमध्ये ब्लरच येत नाही??

केबलकाका: मेन्यू डॉट पाय फक्त जीयूआय (खिडकी-बटणांचं न्यूक) उघडलं तरच वाचली जाते रे. फार्मवर न्यूक टर्मिनल मोडमध्ये (खिडकीशिवाय) चालतं, तिथे फक्त इनिट डॉट पाय. कॉलबॅकची (अ‍ॅड बिफोर रेंडरची) ओळ तिकडे हलव, आणि ती फाइल तुझ्या घरच्या डॉट न्यूक फोल्डरमध्ये ठेवून उपयोग नाही, फार्मच्या मशीनला न्यूक पाथमधून (न्यूक जिथे फाइल्स शोधतं ते फोल्डर) दिसली पाहिजे.

रात्रपाळी: अरे थांबा थांबा, हलवू नकोस!! फार्मवर जॉबचे तुकडे होतात, २०० फ्रेम्स दहा-दहाच्या चंकमध्ये म्हणजे २० वेळा न्यूक वेगळं सुरू होणार आणि बिफोर रेंडरही २० वेळा चालणार. म्हणजे प्रत्येक चंक आधीच्यांनी केलेलं पुसणार. आमच्याकडे हेच झालं होतं, सकाळी बघतो तर फोल्डरमध्ये तीसेक फ्रेम्स, आणि आफ्टर रेंडरला लावलेले "रेंडर झालं"चे मेल मात्र वीसच्या वीस आलेले. पुसायचं काम जॉब सबमिट करतानाच एकदा कर. बिफोर रेंडरमध्ये फोल्डर नसेल तर बनव, एवढंच ठेव, आणि तेही एक्झिस्ट ओके ट्रू (फोल्डर आधीच असलं तरी एरर नको) देऊन, नाहीतर दोन मशीन एकदम बनवायला जातात आणि एक मरतं.

केबलकाका: हो हे बरोबर, माझ्या डोक्यातच नाही आलं. डॉलर गुईचं सांगतो. न्यूक उघडं ठेवून त्यातच रेंडर मारलंस की गुई १ च असतं, त्याला काय माहीत तू रेंडर करतोयस का नुसता व्ह्यूअर बघतोयस. नोड बंदच राहणार. टर्मिनलमधून मायनस एक्सने (खिडकी न उघडता रेंडर) मार, तिथे ० होतं. रेंडर लायसन्स नसेल तर मायनस आय पण जोड, मग इंटरॅक्टिव्ह लायसन्स घेतं.

रोटोवाला: मायनस एक्सने ब्लर आला, जियो काका. पुसायचं सबमिटरमध्ये टाकलं. पण आता फार्मवर प्रत्येक चंक सुरू होताच रनटाइम एरर देऊन पडतोय, न्यूक डॉट मेन्यूच्या ओळीवर.

रात्रपाळी: न्यूक डॉट मेन्यूला जीयूआय लागतं. अख्खी मेन्यू डॉट पाय उचलून इनिटमध्ये चिकटवलीस ना?

रोटोवाला: …हो