मदत हवी आहे: मुलीला व्हेटर्नरी डॉक्टर व्हायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीला राहतो. लेक बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. तिला जनावरांचीच डॉक्टर व्हायचंय. एमबीबीएस नाही मिळालं म्हणून नव्हे, पहिली पसंतीच ही. सोसायटीतल्या कुत्रीच्या कानामागे जखमेत अळ्या पडल्या होत्या. डॉक्टर चिमट्याने एकेक अळी काढत होते आणि ही टॉर्च धरून, तोंड न फिरवता शेवटपर्यंत उभी होती. तेव्हाच मला पटलं.

माहिती काढली ती अशी: प्रवेश नीटच्या गुणांवर, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. (जनावरांच्या डॉक्टरची पदवी) साडेपाच वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. परळचं कॉलेज जवळ पडेल, पण शिरवळ, परभणी, उदगीर लागलं तरी तिची तयारी आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तिने गाय-म्हैस फक्त लांबून पाहिलीय. अभ्यासक्रमात गुरं, शेळ्या, कोंबड्या सगळंच येतं. आडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सोडवायचं, हे शहरातल्या मुलींना जमतं का? शिकलेल्या ताईंनी मोकळेपणाने सांगा.

आणि पुढे काय? एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हावं, की ठाणे-नवी मुंबईत आधी एखाद्या क्लिनिकमध्ये अनुभव घ्यावा? सुरुवातीला पगार साधारण किती मिळतो? घरचे म्हणतात, 'त्यापेक्षा डेंटल कर.' मला तिचं मन मोडायचं नाही.

जवळपास कुणी व्हेट असतील, तर सुट्टीत तिला क्लिनिकमध्ये बसू द्याल का? साफसफाईपासून सगळं करेल.