मदत हवी आहे: आजोबांच्या मेकानोचा खोका आणि कुरडयांचा चीक

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. पोटमाळा रिकामा करताना आजोबांचा मेकानोचा (धातूच्या पट्ट्या, चाकं नटबोल्टने जोडून वस्तू बनवायच्या खेळण्याचा) संच हाती लागला. लिव्हरपूलचा आहे; तो कारखाना १९७९ सालीच बंद झाला. लाल-हिरव्या पट्ट्या, पितळी चाकं, सगळं शाबूत आहे. हाल झालेत ते खोक्याचे. झाकणाचे चारही कोपरे उकललेत, एक बाजू नुसती लोंबतेय, वरचा चित्राचा कागद कसरीने कडेकडेने खाल्लाय. पूर्वी कुणीतरी लावलेली सेलोटेप वाळून गळून पडली, तिचे तपकिरी डाग तेवढे राहिले.

नवा खोका करून घे, असं दोघातिघांनी सुचवलं. पण झाकणाच्या आत आजोबांनी पेन्सिलीने सगळ्या भागांची यादी केली आहे, हरवलेल्या भागांवर काट मारलेली. मला हाच खोका टिकवायचाय.

पांढरा गोंद वापरायचा नाही हे नक्की, कारण एकदा सुकला की पुढे कुणाला तो जोड सोडवता येत नाही. कागद-संवर्धनात गव्हाच्या स्टार्चची खळ आणि लांब धाग्यांचा जपानी कागद वापरतात; ओलावा दिला की जोड पुन्हा सुटतो. आता माझा खरा प्रश्न. आई कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून चीक काढते. तो शिजवून खळ म्हणून चालेल का? भिजताना गहू आंबतो, आणि जुन्या पुठ्ठ्यात आधीच आम्ल असतं, त्यात आणखी भर नको. शिवाय चिकात थोडं ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) राहतंच. चार-पाच पाण्यांनी धुऊन, निवळू देऊन वरचं पाणी ओतून टाकलं तर पुरे होईल?

बाइंडिंगवाले काका म्हणाले, खळीत मोरचूद टाक, कसर लागणार नाही. पण मोरचुदातल्या तांब्याने कागद लवकर ठिसूळ होतो, म्हणून मन धजत नाही. मोरचूद न घालता ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर कशी आवरता? सेलोटेपच्या डागांना हात लावू की राहू देऊ? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. तिथे कुणी घरची वस्तू दाखवली असेल तर अनुभव कळवा.

सध्या भाड्याच्या घरात ओल आहे, म्हणून दुरुस्ती दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावरच करेन. चीक मात्र आई याच आठवड्यात काढणार आहे. तो वाळवून सत्त्व करून ठेवलं, तर सहा महिन्यांनी त्याची खळ नीट होईल का?