लंज करताना हातांचे काय करायचे?

सरळपाठ : लंज म्हणजे एक पाय पुढे टाकून दोन्ही गुडघे वाकवत खाली जाणे. “लंज हा पायांचा व्यायाम आहे, हात कुठेही ठेवा,” असे काल येथे एका सदस्याने ठणकावून लिहिले आणि त्याला माना डोलावणारेही निघाले, म्हणून हा धागा. दोन्ही हात मिळून शरीराच्या सुमारे 10 टक्के वजनाचे असतात. 60 किलोच्या माणसाचे 6 किलो. ते डोक्यावर नेले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तोल सावरणे अवघड होते. आडवे पसरले की शरीर सहजासहजी कलंडत नाही. दोरावरचा डोंबारी आडवा बांबू शोभेसाठी धरत नाही.

बैठकवाला : बांबू लांब आणि जड असतो, आपले हात नव्हेत. गुडघ्यावरचा भार धड किती झुकते यावर ठरतो. धड पुढे झुकले की काम नितंबाच्या स्नायूंकडे जाते, ताठ राहिले की मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यावर येते.

सरळपाठ : आणि हात वर नेले की बहुतेकांचे धड आपोआप ताठ होते, ते कशामुळे? माझेच म्हणणे मला विरोध म्हणून ऐकवू नका.

खुबेदुखी : हे सारे रिकाम्या हातांचे झाले. माझा डावा खुबा दुखतो. डावा पाय पुढे असताना प्रशिक्षकाने डंबेल उजव्या हातात दिले आणि दुखणे वाढले. काठीही उजव्याच हातात धरा म्हणतात! माझ्या वडिलांनी वीस वर्षे दुखऱ्या बाजूलाच काठी धरली.

सरळपाठ : डंबेल खाली ओढते, काठी वर रेटते. उजव्या हातातल्या वजनामुळे कंबर उजवीकडे कलू नये म्हणून डाव्या खुब्याच्या बाहेरील स्नायूंना अधिक ओढावे लागते आणि ती ओढ सांध्यावरच दाबासारखी येते. उजव्या हातातली काठी त्यांचे तेच काम हलके करते. निरोगी माणसाचे हे स्नायू बळकट करायला तुमच्या प्रशिक्षकाची रीत उत्तम; तुमच्यासाठी मात्र उफराटी.

बैठकवाला : काठीचा धागा वेगळा काढा. येथे लंजबद्दल बोलणे चालू होते.

खुबेदुखी : तुमचे खुबे शाबूत आहेत, म्हणून काठी तुम्हाला विषयांतर वाटते. वडील वीस वर्षे चुकले असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. आज काठी उजव्या हातात घेऊन जिना चढलो. त्रास कमी झाला, हे मान्य. डंबेल डाव्या हातात घेऊन उद्या पाहीन, पण वैद्यांना विचारून, तुम्हाला नव्हे.